शहापूरचे भाचे

२ ऑक्टोबर १९८३, रविवार

आज कापडाचं दुकान बंद ठेवलं. बायकोला, म्हणजे सुंदरबाईला, वाटलं गांधी जयंती म्हणून. मी तसंच वाटू दिलं. खरं म्हणजे आजपासून आखरावर सराव सुरू झाला, आणि सराव पहिल्या दिवसापासून पाहिला नाही तर पुढे मत देता येत नाही.

आखर म्हणजे गावाबाहेरची गुरं गोळा व्हायची जागा. सकाळी तिथे गायकी गुरं जमवतो, संध्याकाळी आमच्या निमटोलीची पोरं फुटबॉल खेळतात. सुरुवातीचा वेळ शेण उचलण्यात जातो. दोन्हीकडे बांबू रोवले की मैदान तयार.

भाऊबीजेनंतरचा पहिला रविवार आमच्या मंडईचा, म्हणजे गावच्या जत्रेचा. त्या दिवशी घरोघरी पाहुणे, रस्त्यावर दुकानं, संध्याकाळनंतर दंडारीचं नाटक, आणि दुपारी शहापूरविरुद्ध सामना. मला स्वतःला खेळता येत नाही, पण पाहता येतं. गावात माझ्याइतकं ते कोणाला येत नाही, असं माझं मत आहे.

शहापूरच्या मैदानावर आम्ही त्यांना दोनदा हरवलं आहे. आमच्या आखरावर एकदाही नाही. जगात सगळीकडे संघ घरी जिंकतात आणि बाहेर हरतात, आमचंच उलटं. कारण मला ठाऊक आहे. आखराला तलावाच्या बाजूने उतार आहे.

९ ऑक्टोबर, रविवार

पोरं कमी आली होती. जूनमध्ये रेडिओवर क्रिकेटचा विश्वचषक जिंकल्यापासून गावात बॅटी दिसू लागल्या आहेत. सुताराने बाभळीच्या करून दिल्या. कप्तान गोपीचंद म्हणाला की या वर्षी घरच्या मंडईत हरलो तर पुढच्या वर्षी पोरं फुटबॉल सोडणार. त्यांनी तसं ठरवलंच आहे. मी म्हटलं, ठरवू द्या. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

जुने सामने आठवत बसलो. पहिला १९७४ सालचा, शहापूरला. त्यांची पोरं जवाहरनगरच्या कारखान्यात लागली, तिथल्या क्वार्टरसमोर बंगाली आणि मल्याळी कामगारांना खेळताना पाहून शिकली, आणि मग आम्हाला आव्हान दिलं. आम्ही ट्रॅक्टरने गेलो आणि जिंकून आलो. आमचा बॅक नत्थू त्या दिवशी असा खेळला की त्यांचा एकही माणूस त्याच्या पुढे गेला नाही. सामना संपल्यावर नत्थूने त्यांच्या दोघातिघांच्या पाया पडून घेतलं, कारण ते त्याचे भाचे होते आणि खेळताना त्यांना पाय लागला होता. मग सगळे चहा प्यायले.

दुसरा ७६ साली, आमच्याकडे. चार गोल खाल्ले. पहिल्या गोलाच्या वेळी नत्थू बाजूला झाला, कारण समोरून त्याचा भाचा येत होता, आणि चेंडू उताराने सरळ आत गेला. दुसऱ्या वेळीही तसंच. उतार नसता तर चेंडू वाटेत थांबला असता.

मंडईला गर्दी खूप असते. गावच्या लेकी माहेरी आलेल्या असतात, त्या आणि सगळ्या म्हाताऱ्या रेषेला लागून बसतात. त्यांतल्या निम्म्या शहापूरला दिलेल्या आहेत. त्यामुळे आपल्या गावात बसून आपल्याविरुद्ध ओरडतात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पोटची पोरं खेळत असली तर कोणीही ओरडेल.

१६ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटायला बाहेर पडलो होतो. नत्थूच्या अंगणात त्याचा भाचा बसला होता. नत्थू पंचेचाळिशीचा माणूस, पण त्या सातवीतल्या पोराच्या पायावर डोकं ठेवून उठला. पोराने खांद्याला धरून उठवल्यासारखं केलं आणि पुन्हा लाडू खायला लागला. आमच्या भागात हे असंच चालतं. मामाने भाच्याच्या पाया पडायचं, भाच्याने मामाला उठवायचं, मामाने कापड द्यायचं आणि जेवू घालायचं. एकदा पाया पडू दिलं की जेवण नाकारता येत नाही.

मलाही भाचा आहे. हिरालाल. माझी बहीण रत्नाबाई शहापूरला आनंदरावांना दिली होती. ७७ साली ती काविळीने गेली. तेरवीच्या दिवशी आमच्या बाबांनी भरल्या मांडवात आनंदरावांना विचारलं की पोरीला भंडाऱ्याच्या दवाखान्यात का नेलं नाही. नुसतं विचारलं नाही, बरंच बोलले. आनंदराव पानावरून उठले आणि म्हणाले, तुमच्या घरचं पाणी मी पिणार नाही आणि माझा पोरगाही पिणार नाही. दोन वर्षांनी बाबाही गेले. आनंदराव आले नाहीत.

हिरालाल आता शहापूरचा सेंटर फॉरवर्ड आहे. ८१ च्या मंडईला पहिल्यांदा आला. खेळताना पाहिला तेव्हा सुरुवातीला ओळखलाच नाही. चालण्यावरून ओळखला, रत्ना अशीच एक खांदा पुढे काढून चालायची. त्याने आम्हाला दोन गोल केले. शिट्टी झाल्यावर मी त्याच्याकडे निघालो, तर आनंदरावांनी त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवून मधोमध बसवलं होतं. गेल्या वर्षी तर शिट्टीबरोबर सायकलवर डबलसीट घेऊन गेले. माणूस शहाणा आहे. माझे हात पोराच्या पायापर्यंत पोचले की पुढचं त्यांना अडवता येणार नाही, हे त्यांना माहीत आहे.

दर मंडईला मी शर्टाचं कापड काढून ठेवतो. पोळा आला की गिऱ्हाइकाला विकून टाकतो, कापड ठेवून राहिलं की घडीवर विरतं.

या वर्षी मला दोन गोष्टी हव्या आहेत. सामना जिंकावा, आणि हिरालाल माझ्या घरी जेवावा. पहिली जास्त महत्त्वाची, कारण ती सगळ्या गावाची आहे.

२३ ऑक्टोबर, रविवार

आज जवाहरनगरहून फोरमनदादा आले होते. बंगाली माणूस, कलकत्त्याला मोठ्या क्लबात खेळलेले, असं ते स्वतः सांगतात. दर वर्षी आमच्या सामन्यात शिट्टी तेच वाजवतात. मोटरसायकलवरून मैदान पाहायला आले, बांबू हलवून पाहिले, चेंडू दाबून पाहिला. मी त्यांना उतार दाखवला आणि म्हटलं की या उतारामुळे आम्ही घरी हरतो.

त्यांनी उतार इकडून तिकडे चालून पाहिला. मग म्हणाले, "सेठ, आधा टाइम के बाद साइड बदलता है ना? तो ढलान उनका भी है."

हे मला कधी सुचलं नव्हतं.

मग त्यांनीच विचारलं की तुमचे बॅक लोक शहापूरला एवढे चांगले खेळतात, इथे काय होतं त्यांना. समोरून माणूस आला की दरवाजा उघडल्यासारखे बाजूला होतात. मी सांगितलं, भाचा येत असेल तर व्हावंच लागतं. भाच्याला पाय लावणं म्हणजे पाप. ते म्हणाले, मग शहापूरला कसे लावतात? मी म्हटलं, तिथे लावून घेतात आणि मागाहून पाया पडतात. इथे कसं लावतील? इथे आई बसलेली, बहीण बसलेली, पोराची आजी बसलेली. सगळ्या म्हाताऱ्या पाहात असतात.

हे बोलता बोलता माझाच आवाज बारीक झाला. फोरमनदादा हसले नाहीत. त्यांनी मोटरसायकलला किक मारली आणि म्हणाले, "जिसका भांजा उधर नहीं, उसको बैक में खड़ा करो." आणि निघून गेले.

सात वर्षं मी उताराला दोष देत होतो.

२५ ऑक्टोबर

नत्थूला आणि गोपीचंदला दुकानात बोलावलं. ज्याचा भाचा शहापूरच्या संघात नाही असा माणूस शोधत बसलो. वाटलं होतं तितकं सोपं नाही. या गावाने तीन पिढ्या पोरी शहापूरकडे दिल्या आहेत. हमरस्त्याचं गाव, पाण्याची सोय, पुढे कारखाना आला, सगळ्यांनाच तिथले सोयरे हवे होते. शेवटी एकटा गोपीचंद निघाला, त्याच्या बहिणी पवनीकडे आहेत. त्याला बॅक केलं. जोडीला तलाठ्याचा भाऊ, तो परजिल्ह्यातला.

नत्थूला पुढे खेळायला सांगितलं. तो खट्टू झाला. म्हणाला, "भाऊ, मी जनमभर मांगंच खेललो. पुढं जाऊन काय करू?" मी म्हटलं, गोल कर. त्याने ते थोडं मनावर घेतलं असावं.

३० ऑक्टोबर, रविवार

काल अड्याळचा बाजार होता, मी गठ्ठे घेऊन तिकडे होतो. आज सुंदरबाईने सांगितलं की एक पोरगा सायकलवर आला होता. रुमाल घेतला, पाणी मागितलं, आणि मी कधी येणार ते विचारलं. दुकानात रत्नाचा फोटो लावला आहे, त्याच्याकडे पाहात उभा होता. मी विचारलं, कुठला होता? ती म्हणाली, इकडचाच कुठलातरी. मी म्हटलं, फोटोशेजारी मफतलालचं कॅलेंडर आहे, ते पाहात असेल, दिवाळीच्या तारखा पाहायला लोक येतात. ती "असंल बाप्पा" म्हणाली आणि आत गेली.

रुमालापुरतं येणारं गिऱ्हाईक मला आवडत नाही. पण पाणी मागितलं तर द्यावं, तिने दिलं ते बरंच केलं.

आज नत्थूने सरावात तीन गोल केले. सगळ्यात जास्त आश्चर्य त्यालाच वाटलं.

६ नोव्हेंबर, भाऊबीज

सकाळपासून गावात बैलगाड्या आणि सायकली. सगळ्यांच्या बहिणी आल्या. ज्यांच्या नाही आल्या ते भाऊ नवं धोतर नेसून त्यांच्याकडे निघाले. मी दुकान उघडून बसलो. भाऊबीजेला धंदा बरा होतो, साडी घ्यायची राहून गेलेली असते.

दुपारी सुंदरबाई लाखोरीच्या डाळीचे वडे घेऊन दुकानात आली. रत्ना करायची तसे. मी म्हटलं, आज कशाला केलेस? ती म्हणाली, हात बसला पाहिजे. मंडईला कोणी पाहुणे येणार आहेत का, विचारलं. तिने सांगितलं नाही. मी चार खाल्ले. रत्नाच्या वड्यात लसूण जास्त असायचा. मला तिची फार आठवण आली आणि मी काही वेळ दुकानाचं एक दार लावून बसलो.

१० नोव्हेंबर

घोटाळा झाला. गोलकीपर बाबूलाल धान कापताना विळ्याने तळहात कापून बसला. टाके पडले. गोपीचंद सगळ्यांकडे फिरून आला, गोलात उभं राहायला कोणी तयार नाही. प्रत्येकाला पुढे खेळायचं. नत्थूने तीन गोल केल्यापासून तर जास्तच.

बाबूलाल स्वतःच हात गळ्यात बांधून आला आणि म्हणाला, "भैय्यालालभाऊले उभं करा." भैय्यालाल म्हणजे मी. मला हसू आलं. तो म्हणाला, माणूस उंच आहे, आणि वरच्या फळीवरून टाकलेलं कापडाचं थान याच्या हातून कधी निसटलेलं पाहिलं नाही. ही गोष्ट खरी आहे. सुंदरबाई शिडीवर चढून थानं टाकते आणि मी झेलतो, आमचं लग्न झाल्यापासून हेच चाललं आहे. पण थान लाथेने मारलेलं नसतं.

मी नाही म्हटलं. गोपीचंद म्हणाला, मग सामना नाही, आणि पुढच्या वर्षीपासून आखरावर क्रिकेट.

मी हो म्हटलं.

आणखी एक गोष्ट गोपीचंदने विचारली. "भाऊ, तुमचा भासा हाय ना तिकडं. हिरालाल." मी सांगितलं, गोलकीपर हाताने खेळतो, पायाने नाही. हात लागायला आपल्यात काहीच हरकत नाही. हे त्याला पटलं. मलाही पटलं.

११ नोव्हेंबर

तो रुमालवाला पोरगा पुन्हा येऊन गेला म्हणे. मी आखरावर होतो. या वेळी काही घेतलंच नाही. सुंदरबाईला मंडईच्या दिवशी सामना किती वाजता ते विचारलं. मी म्हटलं, हे तर पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत आहे, याला कसं माहीत नाही? ती हसली. या दिवसांत ती फार हसते. मी चड्डी घालून आखरावर जातो त्याला हसत असेल.

१२ नोव्हेंबर, शनिवार

दुकान लवकर बंद करून सुंदरबाईने अंगणात मला चेंडू टाकून दिले. शेजारच्या शकुनबाई भिंतीवरून पाहात होत्या, त्यांनी विचारलं की हे काय करून राहिले. सुंदरबाई म्हणाली, "भासा येऊन रायला ना उद्या. त्याची तयारी." मी तिला दटावलं. तयारी सामन्याची आहे.

हिरालाल समोर आला तर मी चेंडू सोडून त्याच्याकडेच पाहात राहीन अशी भीती वाटते. हे कोणाला सांगितलेलं नाही. जिंकलं पाहिजे, बाकी नंतर पाहू. सामना संपल्यावर आनंदरावांच्या आधी त्याच्यापर्यंत पोचता आलं तर पोचायचं. पण गोल सगळ्यात लांब असतो. ट्रॅक्टर जवळ असेल आणि मी लांब असेन.

१३ नोव्हेंबर, मंडई

एक-एक. बरोबरी. घरात पाहुणे आहेत, उद्या लिहितो.

१४ नोव्हेंबर, सोमवार

सगळं अंग दुखतं आहे. दुकानात कोणी कापड घ्यायला येत नाही, विचारायला येतात. तेव्हा एकदा नीट लिहून ठेवतो.

दुपारी आखर भरलं होतं. म्हाताऱ्या रेषेला, लेकी त्यांच्या मागे, पोरं झाडांवर. शहापूरचा ट्रॅक्टर तलावाच्या पाळीजवळ उभा केला होता आणि आनंदराव त्याच्या चाकाला टेकून उभे होते. केस पांढरे झाले आहेत त्यांचे. माझ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं.

पहिल्या अर्ध्यात काही झालं नाही. गोपीचंद आणि तलाठ्याचा भाऊ बाजूला होत नाहीत हे पाहून शहापूरवाले गोंधळले. सात वर्षांची सवय होती त्यांना. रेषेवरच्या बायकाही गप्प झाल्या. एक चेंडू माझ्याकडे उंच आला, मी तो झेलला आणि पोटाशी धरून बसलो. बाबूलाल ओरडला, भाऊ, आता फेका. मी थानासारखा बाजूला ठेवायला निघालो होतो.

दुसऱ्या अर्ध्यात नत्थूने गोल केला. तो एवढंच सांगतो की समोर कोणी भाचा नव्हता आणि पायाजवळ चेंडू होता. गाव नाचलं. मी गोलात उभ्या उभ्या रडलो, तेवढं अंतर असल्यामुळे कोणाला दिसलं नसावं. घरच्या आखरावर आम्ही शहापूरच्या पुढे होतो. एवढंच मला कित्येक वर्षं हवं होतं.

मग शेवट आला. फोरमनदादा घड्याळ पाहायला लागले होते. हिरालालने मधूनच चेंडू घेतला, तलाठ्याच्या भावाला चुकवलं, गोपीचंद घसरून पडला, आणि तो एकटा माझ्याकडे येऊ लागला. एक खांदा पुढे काढून. सामन्याआधी फोरमनदादांनी मला सांगितलं होतं की असं झालं तर जागेवर थांबायचं नाही, पुढे जायचं. मी पुढे धावलो. त्याने चेंडू पुढे ढकलला आणि तो जरा लांब गेला, माझ्या डाव्या हाताकडे. त्याच्यापेक्षा मला जवळ.

मी झेप टाकली आणि माझ्या हातात हिरालालचे दोन्ही पाय आले.

तो थांबला. मी मातीत पडलो होतो, त्याच्या अनवाणी पायांवर माझं कपाळ होतं. मग त्याने खाली वाकून माझे दोन्ही खांदे धरले.

"उठा, मामा," तो म्हणाला. "उठा जी."

मी त्याच्या हाताला धरून उठत होतो, तेवढ्यात त्यांचा डावीकडचा पोरगा धावत आला आणि पडलेला चेंडू आत मारून गेला.

फोरमनदादांनी गोल दिला. नत्थू त्यांच्या अंगावर गेला, पाया पडणं चालू असताना खेळ थांबवायला हवा होता म्हणून. रेषेवरच्या म्हाताऱ्याही नत्थूच्या बाजूने उठल्या, आणि शहापूरला दिलेल्या लेकीसुद्धा म्हणाल्या की हा गोल धरू नये. फोरमनदादांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की पुस्तकात असा नियम नाही. मग शिट्टी वाजवली आणि सामना संपला. बरोबरी झाली तर पुढच्या वर्षी काय, हे पोरांनी ठरवलेलं नव्हतं. ती आता वाद घालत आहेत.

मी हे सगळं नंतर ऐकलं. तेव्हा मी हिरालालचा हात धरून उभा होतो आणि ट्रॅक्टरकडे पाहात होतो. आनंदराव चाकापासून दोन पावलं पुढे आले होते. दोन्ही गावं त्यांच्याकडे पाहात होती. पाया पडणं झालं होतं, पोराने मामाला उठवलं होतं, आता पुढचं काय ते सगळ्यांना माहीत होतं. आनंदराव तिथेच थांबले. हिरालालने मला विचारलं, "घर तेच हाय ना?" मी म्हटलं, तेच आहे.

सुंदरबाई दारातच उभी होती. तिने त्याचे पाय धुतले, ताट वाढलं. दोघं अशी बोलत होती की जणू रोजची ओळख आहे. बायकांना ओळख करून घ्यायला वेळ लागत नाही, हे मी पाहिलेलं आहे. त्याने वडे खाल्ले, पुन्हा मागून खाल्ले. मी त्याला विचारलं की तू उजव्या पायाने मारतोस की डाव्या. तो म्हणाला, दोन्ही. मग दुकानातल्या आईच्या फोटोकडे पाहून म्हणाला, हा तिच्या लग्नाआधीचा आहे का? मी सांगितलं, अड्याळच्या जत्रेत काढलेला. त्यानंतर आम्ही तिच्याविषयी बोललो. ती कशी भांडायची, कशी गायची, मला कशी मारायची. त्याला बरंच माहीत नव्हतं. ती गेली तेव्हा तो बारा वर्षांचा होता.

मधे नत्थू बाहेरून येऊन सांगून गेला की शहापूरचा ट्रॅक्टर अजून उभा आहे. ड्रायव्हर निघायची घाई करत होता, तर आनंदराव त्याला म्हणाले, "पोरगा जेवून रायला. थांब." सुंदरबाईने ते ऐकलं आणि एक ताट झाकून नत्थूच्या हाती दिलं. ते परत आलं तेव्हा रिकामं होतं. कोणी खाल्लं ते नत्थूने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

आज सकाळपासून सगळे मला एकच विचारतात. चेंडूसाठी गेला होतात की पायांसाठी? मी सगळ्यांना सांगितलं की चेंडूसाठी, सवय नव्हती, हात चुकला. गोपीचंदने मान हलवली. बाबूलाल म्हणाला, "भाऊ, तुमच्या हातून थान नाई चुकत." मी त्याला म्हटलं, थान वेगळं.

पण इथे खोटं लिहून काय करायचं? चेंडू मला दिसत होता. डाव्या हाताजवळ, वीतभर अंतरावर. गाव जिंकलं असतं.

हिरालाल निघाला तेव्हा मी दारात त्याच्या पाया पडायला वाकलो. त्याने मला अर्ध्यावर धरलं आणि हसून म्हणाला, "रायू द्या मामा. एकदा पडले तं एक गोल झाला."

मी पडलोच. या वेळी मागून कोणी चेंडू मारला नाही.